साथीची लाट आणि मृत्युदराचा छेद

एप्रिल २०२१च्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या दैनंदिन पत्रकात राज्याचा कोरोना मृत्युदर दीड टक्क्याच्या आसपास छापला जात होता. त्याआधीच्या डिसेंबरात, साथ ओसरली असे समजून मंगल कार्यालये पुन्हा गजबजू लागली होती तेव्हा, तोच दर अडीच टक्क्यांहून अधिक होता. म्हणजे ज्या दिवसांत नातेवाईक ऑक्सिजनच्या खाटेसाठी रुग्णवाहिका घेऊन या गावाहून त्या गावाला फिरत होते आणि स्मशानात नंबर लावावे लागत होते, नेमक्या त्याच दिवसांत सरकारी कागदावर आजार सौम्य झाला होता. आणि जुलैमध्ये रुग्णालये रिकामी होऊ लागल्यावर दर पुन्हा दोन टक्क्यांवर चढला, म्हणजे कागदावर आजार पुन्हा घातक झाला. यात कोणी खोटा आकडा लिहिला असे नाही. भागाकार बरोबरच होता. फक्त त्या भागाकारातून जे विचारले जात होते त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

हा दर साथीच्या पहिल्या दिवसापासूनच्या एकूण मृत्यूंना तेव्हापासूनच्या एकूण बाधितांनी भागून काढलेला असे. १८ एप्रिल २०२१ रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे बाधित नोंदले गेले आणि ते सगळे त्याच दिवशी छेदात जमा झाले. त्यांच्यापैकी जे वाचणार नव्हते ते दोन-तीन आठवड्यांनी गेले, आणि त्यांतल्याही अनेकांची नोंद जिल्ह्याजिल्ह्यांच्या याद्या जुळवून झाल्यावर आणखी उशिरा अंशात आली. जून २०२० मध्ये अशाच एका जुळवणीनंतर राज्याने एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत घातले होते, त्यांतले ८६२ एकट्या मुंबईचे होते. अशा हिशेबात साथ चढत असताना दर उतरतो आणि साथ उतरत असताना दर चढतो. सर्वांत जास्त दिलासा देणारा आकडा सर्वांत वाईट आठवड्यात हाती यावा, अशीच त्याची रचना आहे.

मृत्युदराचे हे उदाहरण सोपे आहे, म्हणून आधी घेतले. खरा गोंधळ याहून खोल आहे. ‘पहिली लाट ज्येष्ठांची, दुसरी तरुणांची, तिसरी मुलांची’ किंवा ‘डेल्टा क्रूर, ओमायक्रॉन सौम्य’ अशी वाक्ये आपण बोलतो तेव्हा विषाणूच्या स्वभावाबद्दल बोलत आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण पाहिलेली असतात ती रुग्णालयाच्या दारातून आत येऊ शकलेली माणसे. आत कोण येणार हे विषाणूइतकेच इतर गोष्टींवर ठरते: आधी कोणाला लागण होऊन गेली, लस कोणाला मिळाली, तपासणी कोणाची झाली, दाखल करण्याचा नियम त्या महिन्यात काय होता आणि खाट शिल्लक होती का. या साऱ्या गोष्टी प्रत्येक लाटेत बदलल्या. त्यामुळे वय, दाखल झाल्याची तारीख, लसीकरण, सहव्याधी (मधुमेहासारखे आधीपासूनचे आजार) आणि रुग्ण घरी गेला की दगावला, एवढा तपशील, व्यक्तीची ओळख काढून टाकून, साथ चालू असतानाच दर आठवड्याला प्रसिद्ध करणे हे सरकारवर कायद्याने बंधनकारक असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. तो तपशील नसल्यामुळे आपण २०२० ते २०२२ या काळात ऐकीव समजुतींवर धोरणे आखली आणि त्याची किंमत मोजली.

पहिल्या लाटेपासून सुरुवात करू. पुण्यात ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून आलेले प्रवासी होते. १७ मार्चला मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात राज्यातला पहिला मृत्यू झाला, तोही दुबईहून परतलेल्या ज्येष्ठ नागरिकाचा. त्या पहिल्या आठवड्यांत चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला, मग त्याला साधा खोकला असो वा नसो, रुग्णालयात ठेवले जात होते, कारण दाखल करण्याचा हेतू उपचारापेक्षा विलगीकरणाचा होता. एप्रिलच्या सुरुवातीस कोविड केअर सेंटर, समर्पित आरोग्य केंद्र व समर्पित रुग्णालय अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था ठरली आणि महिन्याच्या अखेरीस सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच राहू देण्याचे नियम आले. मुंबईत जूनपासून प्रत्येक वॉर्डाच्या वॉर रूममधून खाटा दिल्या जाऊ लागल्या. या प्रत्येक बदलागणिक मोठ्या रुग्णालयात पोचणारा सरासरी रुग्ण अधिक आजारी होत गेला. मार्चमध्ये त्याच वॉर्डात ठणठणीत तरुण गाणी ऐकत पडून होते आणि जुलैमध्ये तिथे धाप लागलेला मधुमेही पन्नाशीचा माणूस होता. दरम्यान विषाणू बदलला नव्हता, दाराचा नियम बदलला होता.

मुंबईत याला वर्गाचाही पदर आहे. धारावीत १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला आणि पुढचे दोन-तीन महिने साऱ्या देशाची नजर वस्त्यांवर राहिली. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली, तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. आणि २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकेच्याच आकडेवारीनुसार शहरातील नव्या बाधितांपैकी सुमारे ९० टक्के इमारतींत राहणारे होते. हा बदल पाहून ‘गरिबांची प्रतिकारशक्तीच मुळात चांगली’ अशी एक समजूत गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागली. खरी कारणे साधी होती. ज्यांना जुलैपर्यंत लागण होऊन गेली होती त्यांच्यात पुन्हा संसर्ग होण्याजोगी माणसे कमी उरली होती. वस्त्यांची लोकसंख्या वयाने तरुण आहे. आणि हातावर पोट असलेला माणूस दोन आठवड्यांची मजुरी बुडेल म्हणून आणि घराबाहेर नेऊन ठेवतील म्हणून चाचणी टाळतो, तर इमारतीतला माणूस कार्यालयाच्या मागणीवरून किंवा विमानप्रवासासाठीही चाचणी करून घेतो. या तिन्हींतले नेमके किती कोणामुळे, हे वयोगट आणि वस्तीचा प्रकार यांनुसार दाखल झालेल्यांचे आणि दगावलेल्यांचे आकडे मिळाल्याशिवाय सांगता येत नाही. ते मिळाले नाहीत.

दुसऱ्या लाटेबद्दलची समजूत अधिक पक्की आहे आणि अधिक तपासून पाहण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीपासून सुरू झालेली ती लाट एप्रिलमध्ये राज्यभर पसरली, आणि तिने तरुणांना नेले अशी भावना महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक घरात आहे. ती भावना खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण तिशी-चाळिशीतली माणसे गेली हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत पाहिले. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, दाखल रुग्णांच्या नोंदवहीतून १९ एप्रिल २०२१ रोजी सांगितले गेले ते असे: पहिल्या लाटेतील दाखल रुग्णांचे सरासरी वय ५० होते, दुसऱ्या लाटेत ते ४९ होते, आणि दोन्ही लाटांत सुमारे ७० टक्के रुग्ण चाळिशीच्या वरचे होते. पुढे चाळीस रुग्णालयांतील सुमारे १९ हजार रुग्णांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात हे अंतर दोन वर्षांचे निघाले. वीस ते चाळीस वयोगटाचा वाटा पहिल्या लाटेत चोवीस टक्क्यांच्या आत होता, तो दुसऱ्या लाटेत साडेपंचवीस टक्के झाला. म्हणजे वाटा जेमतेम दोन टक्क्यांनी वाढला.

मग तरुण गेल्याचे आपण पाहिले ते काय? उत्तर पुन्हा छेदातच आहे. पहिल्या लाटेच्या शिखरावर, सप्टेंबर २०२० मध्ये, देशात रोज ९८ हजारांच्या आत नवे बाधित सापडत होते. मे २०२१च्या पहिल्या आठवड्यात ही संख्या चार लाखांच्या पुढे गेली. एकूण रुग्णच चौपटीहून अधिक झाल्यावर वाटा तेवढाच राहिला तरी तरुण रुग्णांची संख्या चौपट होते, आणि ओळखीपाळखीच्या शंभर घरांत पूर्वी एखाद्या तरुणाची बातमी यायची तिथे चार-पाच येऊ लागतात. मृत्यूला भिडणाऱ्या माणसाला टक्केवारी दिसत नाही, संख्या दिसते. आणि ज्येष्ठाच्या मृत्यूपेक्षा तरुणाचा मृत्यू जास्त काळ लक्षात राहतो. त्यात लसीकरणाचा क्रम मिसळा. १६ जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना, १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरच्या सर्वांना लस खुली झाली, अठरा वर्षांवरील सर्वांची पाळी १ मे रोजी आली. लाट शिगेला पोचली तेव्हा ज्येष्ठांच्या एका हिश्श्याला निदान एक मात्रा मिळालेली होती आणि तरुणांना काहीच नव्हते. एवढ्यानेसुद्धा रुग्णांचे सरासरी वय थोडे खाली यायला हवे. ते जेवढे खाली आले त्यात डेल्टाचा, म्हणजे या लाटेत पसरलेल्या विषाणूच्या प्रकाराचा, स्वतःचा वाटा किती उरतो, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नाही.

त्या विश्लेषणातला खरा धक्का वयाचा नव्हता. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते दुसऱ्या लाटेत तेरा टक्क्यांच्या पुढे गेले, आणि वीस वर्षांखालील रुग्ण सोडले तर ही वाढ सर्व वयोगटांत होती. धाप लागलेले, ऑक्सिजन लागणारे आणि व्हेंटिलेटरवर जाणारे रुग्णही वाढले होते. दुसऱ्या लाटेने तरुणांना वेचून काढले नाही. तिने सगळ्यांचीच परिस्थिती बिघडवली. हे वाक्य वृत्तपत्राच्या मथळ्यात बसत नाही, म्हणून ते मागे पडले आणि ‘तरुणांची लाट’ पुढे राहिली.

ही वाढ चमत्कारिक वाटावी असे आणखी एक कारण आहे. एप्रिल २०२१ मधल्या डॉक्टरला एप्रिल २०२० मधल्या डॉक्टरपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले होते की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने कमी होतात. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचा उपयोग नाही हे भारतातल्याच ३९ रुग्णालयांतील चाचणीतून ऑक्टोबर २०२० पर्यंत स्पष्ट झाले होते, आणि रेमडेसिव्हिर या विषाणूरोधक औषधाने मृत्यू टळत नाहीत हे जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने त्याच महिन्यात सांगितले होते. ज्ञान वाढूनही मृत्यू वाढले, याचे एक स्पष्टीकरण डेल्टा हे आहे. दुसरे असे की ज्ञान खाटेपर्यंत पोचले नाही, आणि पोचले तिथे चुकीच्या रूपात पोचले. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी लोक जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर रात्र काढत होते. प्लाझ्मादात्यांसाठी आवाहने चालली होती आणि सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ला. स्टेरॉइड मात्र ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनाही, आठव्या-दहाव्या दिवसाऐवजी दुसऱ्याच दिवशी, घरबसल्या चिठ्ठीवर दिले गेले. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या राज्यात त्यानंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराची जी रांग लागली, तीत नाक, डोळा किंवा जबडा गमावलेली माणसे होती. हा रुग्णवर्ग पहिल्या लाटेत जवळजवळ नव्हताच. उपचाराच्या पद्धतीतून एक नवा रुग्ण तयार होऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आणि प्राणवायू. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला टाकीच्या गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण गेले. मे महिन्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटेच्या वेळी ऑक्सिजनचा दाब पडून झालेल्या मृत्यूंचा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. या मृत्यूंची नोंद कोणत्याही तक्त्यात ‘कोविड’ अशीच होते. वयाचा, सहव्याधीचा, विषाणूच्या प्रकाराचा रकाना भरला जातो आणि त्या तासाला नळीत दाब किती होता याचा रकाना नसतो. याउलट नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर २०२० पासून, हवेतून प्राणवायू तयार करणारे संयंत्र बसवले आणि दुसऱ्या लाटेपर्यंत त्यांची संख्या वाढवली. नंदुरबारचा आणि नाशिकचा विषाणू वेगळा होता असे कोणी म्हणणार नाही. दोन लाटांतील परिणामांची तुलना करताना जिल्ह्याची ऑक्सिजन क्षमता आणि रुग्ण दाखल होताना त्याची सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील प्राणवायूची पातळी, किती होती, हे दोन आकडे नसतील तर त्या तुलनेला मी तरी फारसे महत्त्व देणार नाही. शिवाय परिषदेची ती नोंदवही मोठ्या रुग्णालयांची होती. जे वाटेत किंवा घरी गेले ते कोणत्याच लाटेच्या ‘रुग्ण’ या सदरात आले नाहीत.

आता मुलांची लाट. मे २०२१ पासून जाहीर सभांतून, चर्चांतून आणि सरकारी बैठकांतून सांगितले जाऊ लागले की पुढची लाट मुलांवर येणार. तर्क असा होता: पहिली ज्येष्ठांवर, दुसरी तरुणांवर, म्हणजे तिसरी उरलेल्यांवर. या क्रमातला दुसरा टप्पाच वर पाहिल्याप्रमाणे कच्चा होता. राज्याने बालरोगतज्ज्ञांचे कृतिदल नेमले, मुलांसाठी स्वतंत्र वॉर्ड रंगवले गेले. वॉर्ड उभारण्यात काही चुकले असे मी म्हणणार नाही. ग्रामीण भागात बालरोगाच्या अतिदक्षता खाटा एरवीही हव्याच होत्या. पण जून-जुलै २०२१च्या राष्ट्रीय रक्त पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांहून अधिक आणि दहा ते सतरा वर्षांच्यांपैकी ६१ टक्क्यांहून अधिक मुलांना लागण होऊन गेल्याचे दिसले. म्हणजे लाट मुलांवर येऊन गेली होती, घराघरात, फारसा आवाज न करता. हा आकडा हाती असतानाही राज्यातील शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्धवट उघडल्या, पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबरपर्यंत थांबले, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या. स्मार्टफोन नसलेल्या घरातल्या मुलाने तोवर पावणेदोन वर्षे वर्ग पाहिला नव्हता. मुले दाखल किती झाली, कशासाठी, अतिदक्षता विभागात किती गेली, हे दर आठवड्याला वयोगटवार छापले असते तर पालकांची भीती आणि शाळांचा निर्णय दोन्ही वेगळ्या पायावर उभे राहिले असते.

ओमायक्रॉनबाबत चूक उलट दिशेने झाली. डोंबिवलीत ४ डिसेंबर २०२१ला राज्यातला त्याचा पहिला रुग्ण सापडला, महिनाभरात मुंबईत एका दिवसाची बाधितसंख्या वीस हजारांवर गेली आणि खाटा मात्र रिकाम्या राहिल्या, तेव्हा ‘हा विषाणू सौम्य’ हा निष्कर्ष सर्वांनी आनंदाने स्वीकारला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संशोधन परिषदेने ३७ रुग्णालयांतील आकडे दिले: ओमायक्रॉनच्या महिन्यात दाखल रुग्णांचे सरासरी वय ४४, त्याआधीच्या महिन्यात ५५. बातम्यांत हे ‘आधीच्या लाटांत ५५’ असे झाले. वस्तुतः तो ५५चा आकडा नोव्हेंबर-डिसेंबरातल्या डेल्टाच्या ओसरत्या शेपटाचा होता. त्याच परिषदेने दहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या लाटेसाठी ४९ सांगितले होते. दोन बातम्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला हे सहज दिसले असते. वय घटले यात नवल नव्हते, कारण संसर्ग इतका सार्वत्रिक होता की प्रसूतीसाठी, हाड मोडल्यामुळे किंवा शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांची चाचणीही पॉझिटिव्ह निघत होती. डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे आधीच लिहिले होते. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने ‘कोविडसाठी दाखल’ आणि ‘दाखल असताना कोविड आढळला’ असे दोन वेगळे आकडे द्यायला सुरुवात केली होती. आपल्याकडे दोन्ही एका रकान्यात राहिले.

परिषदेच्या त्याच आकडेवारीत खरी बातमी दुसरीच होती. दाखल झालेल्यांपैकी लस घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण १० टक्के होते, न घेतलेल्यांत २२ टक्के. सौम्यपणा कुठे होता हे यावरून दिसते. ज्याला हे पटत नसेल त्याने त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमधले हाँगकाँग पाहावे. पंचाहत्तर लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात साथीच्या पहिल्या दोन वर्षांत मिळून सव्वादोनशेच्या आत मृत्यू झाले होते. ओमायक्रॉनच्या लाटेत काही महिन्यांतच नऊ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य अतिवृद्ध होती, आणि ऐंशीच्या पुढच्या निम्म्याहून अधिक लोकांनी लाटेच्या तोंडावर लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या नव्हत्या. मुंबईत जो ‘सौम्य’ होता तो तिथे सर्वांत प्राणघातक लाट घेऊन आला. मुंबईकरांना डेल्टाने भरपूर किंमत घेऊन आणि लसीने कमी किंमत घेऊन जे संरक्षण दिले होते ते हाँगकाँगच्या वृद्धांकडे नव्हते.

लसीच्या बाजूनेही आपण आकडे सैल वापरले, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या महापालिका आयुक्तांनी सांगितले की ऑक्सिजनच्या खाटांवरील ९६ टक्के रुग्णांनी लसीची एकही मात्रा घेतलेली नाही. त्याच वेळी महापालिका शहरातील जवळपास सर्व प्रौढांना पहिली मात्रा मिळाल्याचे सांगत होती. दोन्ही विधाने खरी असतील तर लस न घेतलेला तो छोटा गट कोण होता, बाहेरगावाहून आलेला होता का, किती वयाचा होता, हे कळायला हवे होते. लसीची उपयुक्तता सिद्ध करायला अशा चकित करणाऱ्या आकड्याची गरजच नव्हती. साधा वयोगटवार तक्ता पुरला असता, आणि संशय घेणाऱ्याला संशयाची जागा उरली नसती.

कोणी म्हणेल की रुग्णाचे चित्र लाटेगणिक बदलते ते कधीकधी खरोखर विषाणूमुळेच. मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत भयंकर पुरावा मुंबईतच आहे. जून १९१८ मध्ये बंदरातून आत आलेली इन्फ्लुएन्झाची पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तिने वीस ते चाळीस या वयोगटाला, आणि त्यातही स्त्रियांना, सर्वाधिक गाठले; म्हाताऱ्यांपेक्षा कर्त्या वयाची माणसे जास्त गेली. देशभरातल्या बळींचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातो. पण त्याच मुंबईतले आणखी दोन आकडे पाहा: दर हजारी मृत्यूंचे प्रमाण तेव्हा ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले जाई त्यांच्यात ६१.६ होते आणि युरोपियनांत ८.३. वयाचा बदल विषाणूने आणला असेल. ही सातपटीहून मोठी दरी चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्या वर्षी रुसलेला पाऊस, महागलेले धान्य आणि पाणी द्यायला घरात कोणी उठण्याजोगे न उरणे यांनी आणली. हा फरक आज शंभर वर्षांनंतर आपण करू शकतो, कारण वसाहतीच्या काळातल्या त्या शहराने मृत्यू वय, लिंग आणि समाजगटानुसार नोंदून ठेवले होते. २०२१च्या मुंबईबद्दल असे वाक्य लिहायला लागणारा तक्ता सार्वजनिकरीत्या उपलब्ध नाही. ज्या राजवटीला आपली फिकीर नव्हती तिच्या नोंदी आपल्या स्वतःच्या राज्याच्या नोंदींपेक्षा या एका बाबतीत उघड्या निघाव्यात, हे मला लाजिरवाणे वाटते.

माहिती गोळाच झाली नव्हती, असे म्हणता येणार नाही. प्रत्येक चाचणीसोबतच्या अर्जात वय, लक्षणे आणि सहव्याधी विचारल्या जात होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने लसीकरण, चाचण्या आणि कोविड मृत्यू यांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडून जाहीर केले की एका मात्रेने मृत्यूपासून ९६.६ टक्के आणि दोन मात्रांनी ९७.५ टक्के संरक्षण मिळते. म्हणजे जोडणी शक्य होती आणि केली गेली होती. बाहेर आली ती फक्त शेवटची टक्केवारी, वयोगटवार तपशील आत राहिला. त्याआधी, एप्रिलच्या अखेरीस, दुसरी लाट शिगेला असताना देशातल्या शेकडो वैज्ञानिकांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहून हाच तपशील संशोधनासाठी मागितला होता. ज्या आठवड्यात तो उपयोगी पडला असता त्या आठवड्यात तो मिळाला नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. रुग्णाची ओळख उघड होईल, हा पहिला. तो लहान गावांपुरता खरा आहे आणि त्याचे उत्तर जिल्ह्याच्या पातळीवर दहा-दहा वर्षांचे वयोगट करून, पाचाहून कमी असलेले आकडे झाकून देता येते. डॉक्टर आणि परिचारिकांवर ओझे वाढेल, हा दुसरा; ते ओझे त्यांच्यावर तेव्हाही होतेच, एकच माहिती तीन-चार वेगवेगळ्या पोर्टलांवर भरण्याचे, आणि एकच नोंद बंधनकारक केली तर ते घटेल. तिसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मला सर्वांत कमी पटतो. मे २०२१ मध्ये मुलांच्या लाटेच्या भाकिताने जेवढी भीती पसरली तेवढी कोणत्याही तक्त्याने पसरली नसती. लोक आकड्यांना घाबरतात त्याहून आकडे लपवले जात असल्याच्या शंकेला जास्त घाबरतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा, म्हणजे एरवी झाले असते त्यांहून जास्त मृत्यूंचा, अंदाज ४७ लाख सांगितला आणि सरकारने तो फेटाळला, तेव्हा सामान्य माणूस पाच लाखांच्या आसपासच्या अधिकृत आकड्यावर विसंबायला तयार नव्हता, कारण त्याच्याकडे दोन्हींपैकी काहीच तपासण्याचे साधन नव्हते. २०२१ मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंची एकूण संख्या, सुमारे १ कोटी २ लाख, अधिकृतपणे बाहेर आली ती मे २०२५ मध्ये. २०२० मध्ये ती ८१ लाखांच्या आसपास होती. आणि २०२० मधल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते असे मृत्यू एक चतुर्थांशही नव्हते.

कायद्याची बाजू पाहिली तर १८९७चा साथरोग कायदा मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या धास्तीतून आला आणि तो मूळचा चार कलमांचा आहे. त्यात सरकारला तपासण्याचे, अडवण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार आहेत. २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी, आणि ती योग्यच होती. पण नागरिकांना काही सांगण्याचे कर्तव्य त्यात तेव्हाही नव्हते, आजही नाही. राज्याला सार्वजनिक आरोग्याचा स्वतःचा कायदा करता येतो. त्यात साथ जाहीर झाल्याच्या पंधरा दिवसांत साप्ताहिक तक्ता सुरू करण्याचे कलम असावे, आणि तक्त्याचे रकाने कायद्याच्या परिशिष्टातच ठरलेले असावेत, म्हणजे पत्रकात कोणता आकडा ठेवायचा हे त्या त्या आठवड्याच्या राजकीय सोयीवर राहणार नाही. मृत्यू संचित न दाखवता दाखल झाल्याच्या आठवड्यानुसार दाखवावेत. ‘कोविडसाठी’ आणि ‘कोविडसह’ वेगळे असावेत. घरी झालेले मृत्यू वेगळ्या ओळीत असावेत. आणि जिल्ह्यात त्या आठवड्यात ऑक्सिजनच्या किती खाटा रिकाम्या होत्या हे त्याच पानावर असावे.

पुढच्या साथीपुरते हे झाले. मागच्या साथीचे काम अजून शिल्लक आहे आणि त्याला मुदत आहे, खरे तर होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात. एप्रिल २०२१ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ती तीन वर्षे एप्रिल २०२४ मध्येच संपली, साथीसाठी उभारलेली तात्पुरती जम्बो रुग्णालये त्याआधीच मोडली गेली, आणि खासगी रुग्णालयांनी आपल्या केसपेपरांचे काय केले हे त्यांनाच ठाऊक. ससून, केईएम, घाटी, नागपूरचे मेडिकल अशा मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांच्या अभिलेख कक्षांत जे काही उरले असेल ते नष्ट न करण्याचा आदेश काढायला वैद्यकीय शिक्षण विभागाला एक दिवस पुरेल, आणि त्या कागदांवरून वय, दाखल होतानाची सॅच्युरेशन, लस आणि शेवट एवढे चार रकाने भरून घेण्याचे काम तिथल्याच समाजवैद्यक विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून दोन-तीन वर्षांत होऊ शकेल.